काळजीची बारव

आमच्या घरात काळजी इंग्रजीत केली जायची. म्हणजे पप्पा करायचे. आई मराठीतच करायची आणि तिच्याकडे त्यासाठी शब्दांचा तोटा नव्हता. तिच्या जिवाला घोर लागायचा, पोटात गोळा यायचा, काळजात धस्स व्हायचं, जीव टांगणीला लागायचा, आणि यातलं काहीच झालं नसेल तर दुपारी भांडी घासून झाल्यावर नुसतीच हुरहूर वाटायची. पप्पा सगळं ऐकून घ्यायचे आणि चष्मा पुसत म्हणायचे, "रत्ना, नेमकं सांग. तू अँक्शस आहेस की वरीड?" आई तव्यावरची बाजरीची भाकरी उलटत म्हणायची, "मी आपली भाकऱ्या करतेय. तुमचं ठरलं की मला सांगा, मी काय आहे ते." पप्पांना हे उत्तर फार आवडायचं. ते दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींना सांगायचे आणि मुली मला चिडवायच्या.

आम्ही नगरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या कंपाउंडात राहायचो. पप्पा शाळेत इंग्रजीचे मास्तर, म्हणून मागच्या बाजूच्या दोन खोल्या आणि एक पडवी आम्हाला मिळालेली. पडवीत बसलं की बोर्डिंगचा सगळा दिवस कानांनी कळायचा. पहाटेची घंटा, मग हातपंपाची करकर, मग ताटांचा गलका, मग साठ मुलींची प्रार्थना, त्यात चार मुली हमखास बेसूर. छावणीच्या बाजूला तोफांचा सराव असला की आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची आणि नवीन आलेल्या लहान मुली रडायच्या. जुन्या मुली त्यांना सांगायच्या, "उगी गं, सरकारच्या तोफा हायेत, आपल्यावर न्हाई मारत." शनिवारी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात हुलग्याचे शेंगोळे व्हायचे. त्यांचा लसणाचा वास आमच्या पडवीपर्यंत यायचा आणि आई घरी काहीही केलेलं असलं तरी मी एक वाटी घेऊन तिकडे पळायची. आता माझी सून ते शेंगोळे फोनवर बघून करते आणि फोटो काढून मग वाढते. चव वाईट नसते. पण गरम नसतात.

वर्षातले तीन शनिवार मात्र शेंगोळ्यांचे नव्हते, पत्रांचे होते. बोर्डिंगमधल्या बहुतेक मुलींचा खर्च परदेशातले कोणी ना कोणी करायचे. मुली त्यांना 'आपली बाई' किंवा 'आपला साहेब' म्हणायच्या. कुणाची बाई शिक्षिका होती, कुणाचा साहेब शेतकरी, एकीच्या साहेबाचं तर रेल्वेत काम होतं आणि ती पोरगी त्यामुळे भाव खायची. या बायांना आणि साहेबांना प्रत्येक मुलीनं पत्र पाठवायचं असा नेम होता. मुलगी मराठीत सांगणार, पप्पा निळ्या हवाईपत्रावर इंग्रजीत लिहिणार, खाली मुलगी सही करणार आणि जमलं तर एक फूल काढणार. बोर्डिंगच्या प्रमुख होत्या त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांचा एकच नियम होता, पत्रात रडगाणं नको. "देणाऱ्याचं मन खट्टू करू नये," असं त्या म्हणायच्या. पप्पा मान डोलवायचे आणि मुलगी जे सांगेल तेच लिहायचे. मोठ्या बाई पत्रं वाचत नसत, फक्त पत्ता आणि अक्षर बघत.

मी अकरावीत, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या वर्गात असताना पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो पिकल्याशिवाय काढत नसत. तोवर वाचणं-लिहिणं बंद. फळ्यावर ते सवयीनं लिहायचे, पण हवाईपत्राची बारीक जागा त्यांना दिसेना. मग त्यांनी पत्रांचं काम माझ्याकडे दिलं. माझं इंग्रजी चांगलं होतं, हे मी त्या वयात स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

काम देताना त्यांनी मला समोर बसवलं, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि अंदाजानं पेन्सिल चालवत एक बारव काढली. त्यांच्या गावाला तशी बारव होती, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. प्रत्येक पायरीवर त्यांनी एकेक इंग्रजी शब्द लिहिला. वरच्या कोरड्या पायरीवर अनईझी. "चपलेत खडा गेल्यासारखं," पप्पा म्हणाले, "चालता येतं, पण बरं वाटत नाही." त्याखाली वरीड. ही घरोघरची काळजी, ती करता करता माणूस स्वयंपाक करतं, झोपतंसुद्धा. त्याखाली अँक्शस, म्हणजे कशाची तरी वाट बघताना वाटते ती. निकालाची, एसटीची, पत्राची. मग अपसेट. मी विचारलं, अपसेट आणि वरीडमध्ये फरक काय? ते म्हणाले, "वरीड माणूस पुढं बघत असतो. अपसेट माणसाचं घडून गेलेलं असतं." नर्व्हसला त्यांनी पायरीच दिली नाही. तो नुसता पायांचा थरथराट, कुठल्याही पायरीवर होतो म्हणाले. आणि सगळ्यात खाली, जिथे पाणी सुरू होतं तिथे, त्यांनी लिहिलं डिस्ट्रेस्ड.

"हा शब्द लिहिलास," पप्पा म्हणाले, "की वाचणाऱ्यानं उठून काहीतरी करायला पाहिजे. म्हणून तो फुकट वापरायचा नाही. आणि जिथे हवा तिथे चोरायचा नाही. मुलगी ज्या पायरीवर उभी असेल तीच पायरी लिहायची, शालू. तिला वर ओढायचं नाही, खाली ढकलायचं नाही." मग हसून म्हणाले, की इंग्रज माणूस बुडत असला तरी आपण जरासे वरीड आहोत असंच म्हणतो, त्यांच्यात तशी रीतच आहे. पण आपण इंग्रज नाही. मी ते पान माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीनं चिकटवलं. पप्पांच्या हातचं, फक्त मला दिलेलं.

फक्त मला, हे फार दिवस टिकलं नाही. बोर्डिंगमध्ये अलका नावाची आठवीतली मुलगी होती, पाथर्डीकडची. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून सातव्या वर्षापासून ती बोर्डिंगमध्येच वाढलेली. काळी, काटक, दोन वेण्या कायम सुटलेल्या. कुठलाही इंग्रजी शब्द ऐकला की ती तो दिवसभर तोंडात घोळवायची आणि संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन पप्पांना विचारायची, "मास्तर, ह्यो कुठं लावत्यात?" पप्पांना दिसत नव्हतं, पण तिचं पाऊल वाजलं की त्यांचा चेहरा उजळायचा. आई तिला भाकरीवर लोण्याचा गोळा द्यायची. मला लोणी मिळायचं नाही असं नाही, मलाही मिळायचं. पण मी ते मोजायला लागले होते, हे कबूल करते.

त्या पावसाळ्यात एकदा पप्पा जेवताना म्हणाले, "शालू, ती बारव अलकाला दाखव. पुढच्या टर्मपासून ती तुझ्याबरोबर पत्रांना बसेल. तिला भाषेचा कान आहे. तुझ्यापेक्षाही बरा आहे, खरं सांगायचं तर." खरं सांगायची पप्पांची सवय वाईट होती. मी हो म्हटलं आणि बारव दाखवली नाही. ट्रंकेला कुलूप लावायला लागले, एवढंच.

पुढच्याच आठवड्यात सहामाहीच्या आधीचा पत्रांचा शनिवार आला. मी पडवीत टेबल मांडून बसले होते आणि मुली रांगेनं येत होत्या. पप्पा शाळेत तोंडी परीक्षा घेत होते. अलका रांगेत तीनदा मागे गेली, हे मला दिसत होतं. सगळ्या संपल्यावर ती आली आणि टेबलाशी न बसता माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"शालूताई, माझ्या बाईला नीट लिव," ती म्हणाली. "माझं लगीन ठरीवलंय. आत्याच्या पोराशी. दिवाळीच्या सुट्टीत लावायचं आन् लगीच फडावर जायचं."

मला नवल वाटलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते. ऊसतोडीत माणूस एकेकटा धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला मुकादम टोळीत घेत नाही, म्हणून पोरगा कामाला आला की त्याला बायको शोधायची, मग ती आठवीत असो की सातवीत. दर दिवाळीनंतर बोर्डिंगच्या एकदोन खाटा अशाच रिकाम्या व्हायच्या.

"मोठ्या बाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"त्या म्हनल्या, आईबापाचं ऐकावं. पन बाईचं पत्र आलं की त्या ऐकत्यात. शेवगावच्या त्या दहावीतल्या पोरीचं न्हाई का, तिच्या साहेबानं पत्र धाडलं तवा मोठ्या बाई सोता जीप घेऊन तिच्या घरी गेल्त्या. तिचं लगीन थांबलं." तिनं माझ्या परकराचं टोक धरलं होतं. "मला लई भ्या वाटतंय, शालूताई. जेवन जात न्हाई. तू लिव, की बाई, मला हितंच राहू द्या. मोठ्या बाईंना लिवा. लई मोठा शब्द घाल."

तिची बाई म्हणजे मिस हार्पर, एक एकटी म्हातारी. ती अलकाला तिच्या मांजरीचे फोटो पाठवायची आणि एकदा तिनं लिहिलं होतं, की तुझी पत्रं मी उशीखाली ठेवते. ती पत्रं आधी पप्पांनी लिहिलेली आणि त्या वर्षी मी. पण उशीखाली नाव अलकाचं.

मी तिला म्हटलं, "जा, तू हात धुऊन ये. मी लिहिते."

ती गेली आणि मी लेखणी उचलली. डिस्ट्रेस्ड हा शब्द मला येत होता. त्याचं स्पेलिंग येत होतं, तो कुठल्या पायरीवर आहे ते येत होतं, तो लिहिला की काय व्हायला पाहिजे तेही येत होतं. मी लिहिलं, की इकडे पाऊस बरा आहे, बाजरी चांगली आली आहे, माझा अभ्यास ठीक चालला आहे, सुट्टीत घरी एक कार्य आहे आणि त्यामुळे मी अ लिटल वरीड आहे. मग मांजरीची चौकशी केली. मनाशी म्हटलं, मोठ्या बाईंचा नियम आहे. म्हटलं, म्हाताऱ्या बाईला उगाच धक्का बसेल. असली कारणं सुचायला वेळ लागत नाही. खरं कारण एकच होतं आणि ते मी तेव्हाही ओळखून होते. ही गेली तर पत्रं माझी राहतील, पडवी माझी राहील, आणि भाषेचा कान कुणाला आहे हे पप्पांना पुन्हा ठरवावं लागेल. तिच्या लग्नाचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त ती नको होती.

अलका ओले हात फ्रॉकला पुसत आली. सही करायच्या आधी तिनं पत्रावर बोट ठेवून वाचायचा प्रयत्न केला. 'वरीड'पाशी ती थांबली.

"ह्यो तर लहान शब्द हाय ना?" ती म्हणाली. "आई बाजारातनं उशिरा आली की मास्तर ह्यो म्हनत्यात. ह्यो पुरंल?"

"पुरेल," मी म्हटलं. "इंग्रज लोक मोठ्यानं बोलत नाहीत. त्यांच्यात वरीड म्हटलं की कळतं. याच्यापुढे त्यांच्यात शब्द नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग फार जपून सही केली आणि त्याखाली एक झेंडूचं फूल काढलं.

माझी नात परवा फोनवर मैत्रिणीशी बोलताना तीन मिनिटांत स्ट्रेस, टेन्शन, अँग्झायटी आणि डिप्रेस हे चारही शब्द म्हणाली. विषय होता ऑनलाइन मागवलेल्या चपला. मी चिडले. तिला म्हटलं, असले शब्द चिल्लरीसारखे उधळू नयेत, खरोखर लागले तर खिशात उरायचे नाहीत. ती म्हणाली, "आजी, चिल. सगळे असंच बोलतात." खरंच आहे. रिक्षावालाही म्हणतो, ताई, टेन्शन घेऊ नका. चार शब्द जास्त वापरले म्हणून त्या पोरीचं काही बिघडत नाही. शब्द राखून ठेवणारी मी कोण मोठी शहाणी लागून गेले?

मिस हार्परचं उत्तर दिवाळीची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी आलं. अलका रोज पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभी राहायची, ते पत्र तीच घेऊन धावत आली. आई मागच्या अंगणात करंज्यांचं सारण भाजत होती. पप्पा अजून शाळेतून यायचे होते. आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसलो आणि मी वाचलं. तिनं लिहिलं होतं, की तू जराशी काळजीत आहेस हे वाचून वाईट वाटलं, पण घरातलं कार्य म्हटलं की अशी काळजी सगळ्यांनाच असते, मलाही माझ्या भावाच्या लग्नात होती, सगळं छान पार पडेल, केक खाताना माझी आठवण काढ. मांजरीला तीन पिल्लं झाली होती.

"मोठ्या बाईंना निराळं पत्र हाय का?"

"नाही."

"पाकिटात बघ की."

हवाईपत्राला पाकीट नसतं. तरी मी ते उलटंसुलटं करून दाखवलं.

अलकानं ते माझ्या हातातून घेतलं आणि घडीवर नीट मिटलं. मग म्हणाली, "मास्तरांना सांगू का मी? ते तरी बोलतील."

आणि इथे सगळं अजून हातात होतं. एवढंच सांगायला मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. पत्राचं एक वेळ सोडा. मत्सरानं माणूस नाही नाही ते करतं, सतराव्या वर्षी तर करतंच. पण त्या दुपारी दोन दिवस शिल्लक होते. पप्पा तासाभरात घरी येणार होते आणि त्यांना कळलं असतं तर ते काठी टेकत मोठ्या बाईंच्या दारात जाऊन बसले असते, ऐकल्याशिवाय उठले नसते. पण अलका सांगायला बसली की पत्राचं निघणार, पत्राचं निघालं की ते विचारणार, काय लिहिलं होतंस, वाचून दाखव. मला ती भीती वाटली. म्हणून मी म्हटलं, "पप्पांच्या डोळ्यांना त्रास होतोय सध्या. तू नको. मीच सांगते त्यांना, सवडीनं."

"नक्की?"

"नक्की."

आईनं हाक मारली आणि अलकाच्या ओंजळीत सारण घातलं. तिनं ते तिथेच उभं राहून खाल्लं. मी पप्पांना सांगितलं नाही, त्या संध्याकाळी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. तो चांगला माणूस होता, आमच्यासाठी फडक्यात बांधून बोरं घेऊन आला होता. जाताना फाटकापर्यंत अलका मागे वळून बघत होती. पप्पा पडवीत होते, त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. मला दिसत होतं.

सुट्टी संपली, मुली परतल्या, अलका आली नाही. आठ दिवस वाट बघून पप्पा एकटेच पाथर्डीच्या एसटीत बसले. आई म्हणाली, "अहो, धड दिसत नाही, कुठे निघालात?" ते गेलेच. संध्याकाळी परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, की पोरीचं लगीन झालं, नव्या जोडीचा कोयता जोडला आणि टोळी गेली ट्रकनं. कुठल्या कारखान्यावर, ते तिला सांगता येईना.

आईनं पुढ्यात ठेवलेलं ताट पप्पांनी तसंच ठेवलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "शालू, तुला काही बोलली होती का गं ती? पत्रात काही सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तिलाही ठाऊक नसेल बिचारीला," पप्पा म्हणाले. "नाहीतर सांगितलं असतं. ती आपल्याला सांगितल्याशिवाय राहिली नसती."

नाताळच्या आधीची पत्रं त्यांनी भिंग लावून, एकेक अक्षर चाचपत, स्वतःच लिहिली. मला म्हणाले, तुझी मॅट्रिक आहे, अभ्यास कर. यापलीकडे त्यांच्या मनात काही होतं का, हे मला कधीच कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. मिस हार्परची त्यानंतर अलकाला दोन कार्डं आली. पप्पांनी ती तिच्या गावच्या पत्त्यावर पाठवली. त्यांचे डोळे पुढे चांगले झाले आणि ते पुष्कळ वर्षं जगले, आणि माझ्यावर विश्वास ठेवूनच गेले. आमच्या पंथात पाद्र्यापुढे पापकबुली द्यायची रीत नाही, जे काय ते थेट देवाशी. देवाला मी हे अनेकदा सांगितलं आहे. त्याला सांगणं सोपं जातं, कारण त्याला आधीच माहीत असतं.

मी पुढे इंग्रजीचीच शिक्षिका झाले. वरीड आणि अपसेटमधला फरक मी पप्पांच्याच शब्दांत शिकवला. बारव मात्र कधी फळ्यावर काढली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझाही मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी तपासणीला बोलावलं होतं. बाकांवर आम्ही सगळे हिरवी पट्टी लावलेले म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं बसलो होतो आणि वॉर्डबॉय नंबर सोडून भलत्यालाच आत पाठवत होता. मी त्याला झापलं. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज आहे, सगळा हॉल गप्प झाला. तेवढ्यात माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ह्यो आवाज मास्तरांच्या शालूचा हाय."

मी वळून पाहिलं. सुकलेली, काटक, हातांची बोटं वाकडी झालेली. सोबत कॉलेजातली नात होती.

"शालूताई, मी अलकी. वळखलं न्हाई तुमी?"

मग ती बोलतच राहिली आणि मला ऐकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पंचवीस-तीस हंगाम तिनं ऊस तोडला. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. तो चार वर्षांपूर्वी गेला. तिन्ही मुलींना तिनं फडावर नेलं नाही, भांडून आजोळी ठेवून शिकवलं. ही नात नर्सिंग करत होती. मास्तर कधी गेले, आईनं शेवटी काय खाल्लं, हे सगळं तिनं विचारून घेतलं. बोलता बोलता तिचं 'तुमी' जाऊन 'तू' झालं होतं.

"तुझ्या पप्पांचं इंग्रजी म्या सोडलं न्हाई बरं का," ती म्हणाली. "ह्यास्नी दवाखान्यात नेलं तवा ही पोरगी मला इचारती, आजी, तुला टेन्शन आलंय का? म्या म्हनलं, टेन्शन काय, त्ये तर मोबाईलची बॅटरी उतरली की बी येतंय. मी वरीड हाय. ह्याच्याम्होरं इंग्रजीत शब्द न्हाई, आमच्या शालूताईनं सांगितलंय."

नात हसली. "आजी सगळ्यांना हेच सांगती."

मी गप्प बसू शकले असते. एवढी वर्षं बसलेच होते. पण ती माझा हात धरून बसली होती आणि तिचा अंगठा माझ्या मनगटावर फिरत होता.

"अलका," मी म्हटलं, "त्याच्यापुढे शब्द होता."

"व्हय? कंचा?"

"डिस्ट्रेस्ड."

तिनं तो म्हणून बघितला. एकदा अडखळत, मग सरळ, मग तिसऱ्यांदा अगदी बरोबर. तोंडात घोळवायची सवय गेली नव्हती.

"तवा ठावं हुता तुला?"

"हो."

"ठावं हुता आन् लिवला न्हाईस."

"नाही लिहिला. आणि पप्पांनाही सांगितलं नाही. मी सांगते म्हणाले होते, ते सांगितलंच नाही."

नातीला काही कळत नव्हतं, ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मला वाटलं, आता ही विचारेल, "का?" त्याचं उत्तर मी पन्नासएक वर्षं तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही.

"म्हंजी त्या म्हातारीला कळलंच न्हवतं," ती म्हणाली. "तिची नंतर दोन कार्डं आल्ती गावाकडं. मांजराची. म्या उत्तर न्हाई दिलं. म्हनलं, येवढं सांगून बी हिला काय पडलं न्हाई, मरू दे तिला. एक तर चुलीत घातलं म्या." तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला आणि पदर सारखा केला. "भलत्याच बाईवर रुसले बघ मी."

वॉर्डबॉयनं तिचं नाव पुकारलं. नातीनं तिला उठवलं आणि ती आत गेली. माझा नंबर तिच्यानंतर होता.